खळ्यावरचा राजा

२८ ऑगस्ट

प्रिय स्ट्रातिस,

आशीर्वाद. तुझ्या दानाईमुळे हे पत्र लिहावं लागतंय. काल तिचा फोन आला. "आत्या, बाबा डॉक्टरकडे यायलाच तयार नाहीत. म्हणतात, माझं डोकं ठणठणीत आहे, तुझ्या आत्यानंच ओळ चुकीची दिली."

मी ओळ चुकीची दिली नाही. बावीस उन्हाळे खळ्याच्या कडेला नाटकाची वही घेऊन बसते आहे. एकदाही चुकले नाही. यंदाच्या प्रयोगात तू अडलास, मी ओळ दिली, आणि तू सगळ्या गावासमोर ओरडलास, "ठाऊक आहे मला!" मग थेट गेल्या वर्षीच्या नाटकातलं भाषण सुरू केलंस. कोरसमधला म्हातारा लेफ्तेरिस म्हणाला, "राजे, ते राज्य गेल्या वर्षीच बुडालं!" खळं हसलं. तू काठी फेकून निघालास तो सकाळच्या बोटीनं मुलीकडे पिरेयसला. लेफ्तेरिसशी मी अजून बोलत नाही.

तुझ्या बकऱ्या शेजारच्या फोतिनीकडे आहेत. अंजीर पक्ष्यांनी खाल्ले.

औषधांच्या दुकानातली थेओनी तालमीतच म्हणाली होती, "बाई, यंदा त्यांना विश्रांती द्या. एकच औषध ते दिवसातून दोनदा घेऊन गेले." मी म्हटलं, "मुली, तू गोळ्या मोज. मी आहे तोवर राजा माझा भाऊच." वर तिला तालमीला यायची बंदी केली. एकतीस वर्षं वर्गात शिकवलं: शोकांतिकेतला नायक दुष्ट नसतो, त्याला फक्त स्वतःची फार खात्री असते, खरं सांगायला आलेल्या माणसाला तो हाकलून देतो. उदाहरण म्हणून तुझा हट्ट सांगायचे. पोरं हसायची.

आता राहिलेलं सांगते. तुझा रुग्णालयाचा अर्ज मी भरला होता, म्हणून मे महिन्यात त्यांचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. मी फोडलं. स्मृतीच्या तपासण्या महिन्याच्या आत करून घ्या, असं त्यात लिहिलंय. यंदा अथेन्सहून नाट्यमहोत्सवाचे लोक बघायला येणार होते. म्हटलं, एवढा प्रयोग होऊ दे. पत्र वहीत ठेवलं, आणि रोज संध्याकाळी त्याच वहीतून तुला ओळी दिल्या.

माझ्यावर हवं तेवढं रागव. पण सोमवारी साडेनऊला दानाईबरोबर डॉक्टरकडे जा. रागातच जा, पण जा.

तुझी बहीण,
एवांथिया

आज हाती दिलेल्या वस्तू:

थेओनीकडे: नाटकाच्या कपड्यांच्या पेटीची किल्ली, लाल झगा, प्रॉम्प्टिंगची वही. तिनं सही केली. मला खुर्ची दिली.

बोटीच्या कप्तानाकडे, तुझ्यासाठी: राजाची काठी, एक. रुग्णालयाचं पत्र, एक, फोडलेलं. पंधरा आठवडे उशिरा.