मुदत संपलेल्या चार पिशव्या

सर, तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी तुमच्या घरी भेटायला आले नव्हते. राग धरून होते. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये माझा प्रोग्रॅम एका ठरावीक दिवसापासून मोजलेल्या सेकंदांवरून तारीख अचूक काढून दाखवत होता, सगळ्या वर्गात पहिला. तुम्ही पाठीमागं उभे. फ्लॉपी काढायला लावलीत आणि कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर चालवायला सांगितलीत. तिथं उत्तर भलतंच आलं. "तुज्या टेबलावर चाललं, त्याला चालणं म्हणत नाय पोरी. परक्याच्या दारात उभं राहून दाखव," म्हणालात आणि मार्क कापलेत. पण त्याच तासाला फळ्यावर तुम्ही वर्ष मार्चपासून सुरू करून दाखवलं होतं. "आपलं पाडव्याला सुरू व्हतं, मशीनचं मार्चला का नको?" फेब्रुवारीचा जादा दिवस वर्षाच्या शेवटाला गेला की लीप वर्षाची निम्मी कटकट मिटते, हे मला तेव्हा कळलं.

वाळूजच्या आमच्या ऑफिसात वेळेचं रूपांतर करणारी फंक्शन्स मीच लिहिली. त्या फंक्शन्सची एकच लायब्ररी, लॅपटॉपवरही चालावी आणि दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या ठेवायच्या आमच्या फ्रिजमधल्या बारक्या चिपवरही. पिशवीची मुदत संपली असं चिपला दिसलं की फ्रिजचं कुलूप उघडायचं नाही. वेग हवा होता. मी परत परत फिरणारे लूप काढून टाकले, मार्चपासून वर्ष मोजलं, दिवसांची संख्या चारनं गुणून, चार वर्षांच्या दिवसांनी भागून एका फटक्यात वर्ष काढलं. सगळे वा वा म्हणाले. फक्त ती गुणलेली संख्या मी साध्या पूर्णांकात ठेवली होती. लॅपटॉपवर त्याला जागा भरपूर. चिपवर दोनच बाइट. दिवस वाढत वाढत एका तारखेला ती संख्या तिथं मावेनाशी होऊन उलटी फिरणार, हे मी तपासलंच नाही.

एका सकाळी अकराच्या सुमाराला फोन येतो. पाचोडच्या पुढच्या एका लहान दवाखान्यातला तंत्रज्ञ. "मॅडम, आजच आलेल्या चार पिशव्या मशीन मुदत संपलेल्या दाखवतंय. कुलूपच उघडत नाय. बाळंतीण टेबलावर हाय, रक्त थांबंना." मला क्षणात समजतं. पिशव्यांची मुदत त्या तारखेच्या पलीकडं गेलीय, म्हणून चिपला ती कित्येक वर्षं जुनी दिसतेय. शेजारी उभे असलेले ऑफिसातले आमचे साहेब हळूच म्हणतात, "लॉक तोडायला सांगू नका. जबाबदारी आपल्यावर येईल." मी म्हणते, "आलेलीच आहे, साहेब. चूक माझी आहे." आणि फोनवर ओरडते, "दादा, फ्रिजचं दार फोडा. पिशवीवरची तारीख डोळ्यांनी वाचा, मशीनचं ऐकू नका." पलीकडं लोखंडाचा आवाज, मग फोन कट. पुढचे अडीच तास मी कोड दुरुस्त करत होते आणि एक ओळ तीनतीनदा वाचत होते. प्रत्येक पूर्णांकाला किती जागा लागेल ते लिहून दिलं, जुन्यातल्या जुन्या चिपवर शंभर वर्षांच्या तारखा पळवल्या. दीडला तंत्रज्ञाचा फोन आला. "वाचली मॅडम. पोरगी झालीय, तीबी बरी हाय." मी जिन्यात जाऊन बसले.

सगळीकडच्या फ्रिजना नवा कोड गेला. साहेबांनी लेखी समज दिली, ती योग्यच होती. आठवड्यानं मी त्या दवाखान्यात नवं कुलूप बसवताना हजर राहायला गेले. तंत्रज्ञ मला वॉर्डात घेऊन गेला. ती बाई उशीला टेकून बसली होती, सासू शेजारी. तो म्हणाला, "ह्या मशीनवाल्या मॅडम." सासूनं माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या मशीनीतलं रक्त व्हतं म्हून सून वाचली बगा. लई उपकार झाले."

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, सर. तेवढ्यात कुणीतरी चहा आणला. मी तो घेतला, आणि नुसती मान हलवली.