कडीसमोरचा रकाना

प्रिय खारूताई,

मी रागावलो आहे, हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकतो, म्हणजे तुला ते ओळींच्या मधून शोधत बसावे लागणार नाही. फोनवरही बोलता आले असते. पण फोनवर माझे दुसरे वाक्य सुरू होण्याआधी तू 'असू दे हो बाबा' म्हणतेस, आणि मला जे सांगायचे असते ते माझ्याच घशात राहते. कागदाला तसे मध्येच थांबवता येत नाही. तू शनिवारी येऊन पिल्लू परत नेणार आहेस. त्याआधी हे तुझ्या हाती पडावे म्हणून उद्या सकाळच्या कंपनीच्या गाडीतून पाठवतो आहे.

राग सव्वा महिन्यापासूनचा आहे. त्या रविवारी तू भोके पाडलेला खोका घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'दहा आठवड्यांचं आहे, पहिली लस झालीय, आईला सोबत होईल.' आधी विचारले नाहीस. चौतीस वर्षे मी मालवाहतुकीच्या कचेरीत पाठवणी विभाग सांभाळतो आहे, आणि आगाऊ न कळवता आलेला माल मी एकदाही उतरवून घेतलेला नाही. हा घेतला, कारण मी चष्मा लावून खोक्यात पाहीपर्यंत तुझ्या आईने त्याला छातीशी धरून त्याचे नाव 'ढेकूळ' ठेवलेसुद्धा होते. रंग तसाच आहे, आकारही तसाच. नावाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार तुझ्या सूचनांच्या कागदाबद्दल आहे. एकवीस सूचना, आणि एकही धड नाही! 'थोड्या थोड्या वेळाने बाहेर न्यावे.' थोडा म्हणजे किती? 'मूठभर खाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावे.' मूठ कोणाची, तुझ्या आईची की माझी? 'प्रेमाने, पण ठामपणे बोलावे.' हे तर मला माणसांशीही अजून जमलेले नाही. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. शेवटी मी स्वतः आठ दिवस निरीक्षण करून नवा तक्ता केला. खाल्ल्यानंतर बारा मिनिटांनी, झोपेतून उठल्याबरोबर आणि खेळ संपल्यावर लगेच असे बाहेर न्यायचे. प्रत्येक फेरीची वेळ लिहायची. तुझी आई तो तक्ता पाहून म्हणाली, 'अहो, ते कुत्र्याचं पिल्लू आहे, तुमच्या हाताखालचा कारकून नाही. त्याला रजेचा अर्ज तरी द्या छापून!' आणि हसत सुटली. गुडघ्यांचे दुखणे सुरू झाल्यापासून ती अशी हसली नव्हती, हे मी नोंदवून ठेवतो. पण त्यामुळे तुझी बेफिकिरी माफ होत नाही.

ढेकळाने आजवर माझी डावी चप्पल, कपाटाचा एक कोपरा आणि तुझ्या आईच्या लोकरीचे दोन गुंडे खाल्ले आहेत. उजव्या चपलेला ते तोंड लावत नाही. ह्याचे कारण मला सापडलेले नाही. पहिल्या आठवड्यात त्याने बैठकीच्या मधोमध शू केली तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या शिंपीणबाईंची मशीन थांबली. दुसऱ्या लशीच्या वेळी मी हे जनावरांच्या डॉक्टरांना सांगितले. मुलगी तुझ्यापेक्षाही लहान दिसते, पण मला म्हणाली, 'काका, ओरडू नका. ओरडलात तर पिल्लू चूक करायचं थांबत नाही, फक्त पलंगाखाली जाऊन करायला शिकतं.' मला तिचा रागच आला. घरी येऊन पाहिले, तर पलंगाखाली खरोखरच ओले होते.

आता कालचा बुधवार. काय घडले ते तुला आईने फोनवर सांगितले आहे, पण चुकीच्या क्रमाने. बरोबर क्रम असा : सकाळी सव्वाआठला मी ढेकळाला फाटकाबाहेरच्या गवतावर नेले. त्याचे काम झाल्यावर ते रस्त्याकडे धावू लागले म्हणून दोन्ही हातांनी उचलले आणि आत आणले. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे फाटक पायाने ढकलले. खाली ठेवल्यावर परत जाऊन कडी लावायची, असे ठरवले. तेवढ्यात कचेरीतून फोन आला. आठ चाळीसला तुझी आई खाण्याची वाटी घेऊन अंगणात आली, तर फाटक उघडे आणि ढेकूळ नाही.

आम्ही दोघे गल्लीभर फिरलो. आई गुडघे धरून पुढे, मी मागे. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ती एकाएकी थांबली आणि माझ्याकडे वळून विचित्र नजरेने पाहू लागली. मला कळेना. ती म्हणाली, 'कोणाला हाक मारताय?' मी 'ढेकूळ' म्हणून हाक मारत नव्हतो, खारे. मी 'बटण, बटण' करत होतो, तुझ्या लहानपणच्या पिल्लाच्या नावाने.

सव्वानऊला ते शिंपीणबाईंच्या दुकानात कापायच्या टेबलाखाली सापडले. बाई म्हणाल्या, 'हा साहेबांचा पाहुणा होय? मापाची फीत खाल्लीय यानं सोळा इंचांपर्यंत. आता मी गिऱ्हाइकांची कंबर सतरापासून मोजू का?' सगळे हसले. मीही हसलो असेन. मग आईने तुला फोन केला, आणि खरा राग मला तिथून पुढे आला.

कारण फोनवर तू काय म्हणालीस? आईने फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला. म्हणालीस, 'परवा रविवारी तुम्हाला भेटून निघताना मीच कडी नीट लावली नसेल.' अगं, रविवारी गेलेल्या माणसाने लावलेली कडी बुधवारी उघडी कशी सापडेल? मधल्या तीन दिवसांत ते फाटक किमान साठ वेळा उघडले आणि बंद झाले आहे. तक्त्यावर माझ्या हातच्या नोंदी आहेत. तू साठ मैलांवर, स्वतःच्या घरात चहा पीत होतीस! कोणी विचारले नव्हते, कोणी बोट दाखवले नव्हते, तरी तू पुढे होऊन मान खाली घातलीस. आणि वर म्हणालीस, 'आपल्या घराला कुत्रं लाभत नाही, बाबा. माझ्यामुळे दुसऱ्यांदा नको. शनिवारी येऊन घेऊन जाते, एक चांगलं घर बघितलंय.' पुराव्याशिवाय दुसऱ्यावर आरोप करणारी माणसे मी रोज पाहतो. पुराव्याशिवाय स्वतःवर आरोप करून घेणारे माणूस माझ्याच घरात वाढावे, ह्याची मला इतकी चीड आली की मी फोन आईच्या हातून घेतला आणि तुझ्यावर ओरडलो. तू 'असू दे हो बाबा' म्हणालीस. मी फोन ठेवला.

मग मी माळ्यावर चढलो.

आपल्या दाराच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्यावर महिन्याचा तक्ता असायचा, तो तुला आठवत असेल. नळ, गॅस, पंखे, कडी. घरातून शेवटी बाहेर पडणाऱ्याने चारही रकान्यांत खूण करायची, आणि काही राहून गेले तर शेवटच्या रकान्यात, म्हणजे 'चूक कोणाची' ह्या रकान्यात, ज्याचे त्याने सहीनिशी लिहायचे. कोणाला रागवायचे नाही, फक्त लिहायचे. असा नियम मी केला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. तुझी आई त्याला 'यमाची वही' म्हणायची. ते सगळे तक्ते मी जपून ठेवले आहेत. बावीस वर्षांपूर्वीचा तो एक कागद काढला. कडीसमोरच्या रकान्यात तुझे नऊ वर्षांचे अक्षर आहे : 'माझी.' आणि खाली पूर्ण नावाची सही, कारण मी तुला अर्धी सही चालत नाही असे शिकवले होते.

ती नोंद खोटी आहे.

बटण पळाले नव्हते. आदल्या दिवशी त्याने माझ्या पिशवीतली, मी कचेरीतून घरी आणलेली, मालाच्या पोचपावत्यांची मूळ कागदपत्रे फाडली होती, आणि सकाळी साहेबांनी मला चार माणसांदेखत फैलावर घेतले होते. दुपारी मी घरी आलो. आई तिच्या माहेरी गेलेली, तू शाळेत. बाहेर आमच्या कंपनीचा गाडीवान थांबला होता. लांबच्या गोदामाला माल घेऊन निघायचा होता. मी बटणाला दोन्ही हातांनी उचलले, बाहेर नेले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे फाटक पायाने ढकलले. परत येऊन कडी लावली नाही, कारण परत न येता मी तसाच त्याच्या गाडीत बसून वाटेत कचेरीशी उतरलो.

संध्याकाळी तुला सगळे सांगणार होतो. वाक्यसुद्धा तयार केले होते. पण मी आलो तेव्हा तू दप्तर पाठीवर तसेच ठेवून तक्त्यापुढे उभी होतीस. सकाळी शेवटी बाहेर पडलेली तू, कडीपुढे खूण तुझी, आणि फाटक उघडे. नऊ वर्षांच्या मुलीने जो हिशोब मांडायचा तो मांडला. मी तोंड उघडण्याआधी तू लिहूनही मोकळी झालीस आणि माझ्याकडे पाहून म्हणालीस, 'बाबा, तुम्ही रागवू नका, मी लिहिलंय.' आणि मला हायसे वाटले. हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. वाईट वाटले नाही, लाज वाटली नाही, हायसे वाटले.

पुढचे अकरा दिवस मी तुझ्याबरोबर बटणाला शोधले. तुझा हात धरून गल्लोगल्ली हाका मारल्या. तू चिकटवायला कागद तयार केलेस, त्यात 'उंची : एवढा' लिहून शेजारी वीत काढली होतीस. मी ते खोडून 'नऊ इंच' लिहायला लावले. जे पिल्लू कुठे आहे हे मला ठाऊक होते, त्याची उंची अचूक असावी असा माझा आग्रह होता. ते गोदामात वाढले, अकरा वर्षे जगले, आणि चौकीदाराच्या खाटेखाली म्हातारे होऊन गेले. गाडीवान मला वर्षातून दोनदा त्याची खुशाली सांगायचा. मी ऐकून घ्यायचो आणि विषय बदलायचो.

तेव्हापासून तू घराबाहेर पडताना तीनदा परत जाऊन कडी पाहतेस. जावईबापू मागे म्हणाले, 'ही घरातून निघते तीनदा, पोचते एकदाच.' त्यावर सर्वांत मोठ्याने मी हसलो होतो. तुला वाटते मी विसराळूपणाला हसलो. एकदा तर ह्याच पायी तुझी मुलाखतीची गाडी चुकली आणि मी तुला वेळेच्या नियोजनावर अर्धा तास सुनावले. तेव्हा तू म्हणाली होतीस, 'असू दे हो बाबा, चूक माझीच.' 'माझीच' हा शब्द मी तुला शिकवला नव्हता, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो.

बुधवारी दुपारी मी तुझ्या आईला हे सांगितले. तिने तक्ता वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाली, 'मी तिला सांगणार नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर ती लगेच तुमची बाजू घेईल. तुम्ही लिहा, आणि स्वतःला वकील न देता लिहा.' त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ढेकळाशी बोलते, त्यात मला उद्देशून असलेली वाक्ये ओळखू येतात.

म्हणून हे पत्र. पहिल्या ओळीत मी रागावलो आहे असे लिहिले; कोणावर, ते तिथे लिहायचे राहिले. लेखी चूक लेखीच दुरुस्त करायची असते. मूळ तक्ता सोबत जोडला आहे. कडीसमोरचा तुझा शब्द मी एका रेघेने खोडला आहे, खालचा मजकूर वाचता येईल असा, आणि शेजारी 'चूक बाबांची' लिहून पूर्ण सही केली आहे. ढेकळाच्या तक्त्यावर काल बुधवारच्या नोंदीपुढेही तेच लिहून तोही सोबत ठेवला आहे. ते कागद फाड, जाळ किंवा ढेकळाला दे. त्याला कागद आवडतो. मला 'असू दे' म्हणू नकोस, एवढे मात्र मागतो. ओरड. शनिवारी ये, पिल्लू न्यायचे की ठेवायचे ते तू ठरव, पण ते घराला लाभत नाही म्हणून नेऊ नकोस, ते कारण रद्द झाले आहे. आणि निघशील तेव्हा सरळ पुढे चालत जा. मागे वळून कडीला हात लावू नकोस. ती मी लावीन.

तुझाच, इतकी वर्षे सही करायची राहिलेला,
बाबा