दुसऱ्या दांडीची जागा

३ मार्च, सोमवार

दुकानात हँगरसाठी दुसरी दांडी लावायचीच. इस्त्रीचे कपडे एकीवर मावत नाहीत. पण कोपऱ्यात लेकीचं टेबल! तिथे बसून ती सी शिकते. सी म्हणे कॉम्प्युटरची भाषा. बोलत कोणी नाही, नुसती टकटक. नोकरीसाठी शुक्रवारी प्रोग्राम द्यायचाय: नावांची यादी, नावं येतील तशी वाढत जाणारी. म्हटलं, "वहीत लिही की!" तिने कपाळावर हात मारला.

५ मार्च, बुधवार

मलाच बसवलं नावं टाइप करायला. एका बोटाने! सातवी नापास बाई कॉम्प्युटरवर — गिऱ्हाइकं बघत होती, म्हणून मान ताठ ठेवली. आमच्याच गिऱ्हाइकांना मी ठेवलेली नावं टाकली: डॉक्टरीणबाई, चष्मेवाला, घोरपड, शेवटी टकलू. यादी उघडली तर — टकलू, टकलू, टकलू, टकलू! वाटलं, मीच बिघडवलं.

"आई, चूक माझी. नाव उतरवून घेतलंच नाही मी. एकाच पाटीकडे बोट दाखवत राहिले, आणि तू पाटी पुसून नवं लिहीत गेलीस."

हसून पोट दुखलं. तेवढ्यात खरा टकलू शर्ट न्यायला आला. "काय झालं मावशी?" आता काय सांगू!

६ मार्च

आज नावं नीट आली, पण पाचव्या नावाला सगळं बंद. तिने कॉम्प्युटरकडे जागा चारांचीच मागितली होती म्हणे. आता आठांची मागायची, नावं तिकडे हलवायची, जुनी जागा सोडून द्यायची. म्हटलं, अगं, मी दांडी-दांडी करून हेच बोंबलतेय!

"सोडायला विसरलं ना आई, की प्रोग्राम उगाच जागा अडवून बसतो."

"तुझ्यासारखा."

माझ्या जिभेला हाड नाही. ती पाठ वळवून टकटक करायला लागली.

७ मार्च

तिने प्रोग्राम पाठवला. इस्त्री करताना बाही जाळली — नशीब, माझीच.

१२ मार्च

लागली नोकरी! दुसऱ्या गावी. सोमवारी निघायचं. आणि मी पहिलं काय बोलले? "मग दांडीवाल्याला सांगते." वा गं आई! ती हसतच गळ्यात पडली. मी ओरडले, "सर बाजूला, इस्त्री तापलीये!" तापली कुठली, वीज गेलेली.

१८ मार्च

दांडीवाला आला. टेबलावर काही नाही, खुर्चीत कोणी नाही. म्हणाला, "बाई, एवढं हलवलं की बसते दांडी."

म्हटलं, जागा नाही.