भावोजींच्या खोलीतले उंदीर

ती. दत्तप्रसाद भावोजींस,

सारिकाचा वाकून नमस्कार. (हल्ली मी बराच वेळ वाकलेलीच असते, कधी कपाटाखाली, कधी तांदळाच्या पिंपामागे.) तुमची, वहिनींची आणि आकांक्षाची प्रकृती उत्तम असेल. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. उंदीर तर फारच क्षेम आहेत. मोबाइलवरचे निरोप तुम्ही वाचता, निळ्या खुणा आम्हाला दिसतात, पण उत्तर येत नाही, म्हणून हे रजिस्टर पत्र. याच्यावर निदान सही तरी करावी लागते.

गेल्या चतुर्थीला विहिरीकडच्या दगडी गडग्यातून धामण निघाली आणि आकांक्षा किंचाळली, ते तुम्हाला आठवत असेल. आई जीव तोडून सांगत होत्या, "अरे, ती घरची आसा, कोणाक काय करणा नाय." पण तुम्ही सावंतवाडीहून सर्पमित्र बोलावलात, पिशवीसकट फोटो काढलात, तिला लांबच्या रानात सोडायला लावलीत. त्या फोटोखाली लोकांनी तुम्हाला शूर म्हटलं. मग गणपती पोचवलात, आपल्या खोलीला कुलूप घातलंत आणि चावी खिशात टाकून मुंबईला गेलात. (आपल्या घराची वाटणी अजून झालेली नाही, कुलूप तेवढं झालं आहे.) धामण गेल्याची बातमी उंदरांपर्यंत कोणी पोचवली कोण जाणे, पण दिवाळीपर्यंत ते बिऱ्हाडासकट आले.

ते राहतात तुमच्या खोलीत आणि जेवतात आमच्याकडे. भिंती कौलांपर्यंत गेलेल्या नाहीत, माळा सगळ्या घरावर एकच, त्यामुळे त्यांना कुलपाची अडचण नाही. ती फक्त आम्हाला आहे. चिकट पुठ्ठा लावला, त्यात यांचाच पाय अडकला. (तुमचे बंधू त्या पुठ्ठ्यासकट ओटीवर जाऊन बसले आणि म्हणाले, दादाला उगाच कळवू नको.) शेजारच्या तुळसाचं मांजर आणलं, ते सुके बांगडे खाऊन चुलीपाशी झोपलं. शेवटी औषध घातलं. ते खाऊन उंदीर मेला, पण मरायला गेला तुमच्या खोलीत. आठवडाभर मी तुमच्या बंद दारासमोर उदबत्त्या लावत होते. आल्यागेल्याने विचारावं, कोण गेलं म्हणून. मला तर वाटतं भावोजी, एखादा माणूस गेला असता तर तुम्ही चावी घेऊन लगेच आला असता.

कुलूप फोडू म्हटलं तर आई आडव्या. "माझ्या झिलाचा कुलूप आसा. तो येतलो, तोच उघडतलो. हात लावशात तर तुमका माझी शप्पत!" मी बोलले, रडले, भांडले. शपथ ती शपथ.

आणि परवा सकाळी आईंच्या चादरीला रक्त दिसलं. उंदराने पायाचं बोट कुरतडलं होतं. साखरेमुळे त्यांच्या पावलांना काही जाणवत नाही, त्यामुळे जागही आली नाही. कट्टा गावच्या डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाल्या, "उंबऱ्याक ठेचकाळलंय." तुमचं नाव राखलं त्यांनी. मला तिथेच संताप आला, आणि नंतर रिक्षात रडू आलं. डॉक्टर म्हणतात, जखम चिघळली तर बोट काढावं लागेल.

तेव्हा एवढीच विनंती आहे: चावी पाठवा. कुरियरने, एसटीच्या ड्रायव्हरकडे, कशीही.

आपली,
सारिका

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, तेवढ्यात काल तुमचा फोन आला (मी मोबाइलवर पाठवलेला बोटाचा फोटो बघून असेल). यांनी स्पीकर लावला होता. आई समोरच वालाच्या शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून तुम्ही विचारलंत, "माझ्या खोलयेतली गादी बरी आसा मा?" आई उठल्या, लंगडत पडवीत गेल्या, नारळाचा कोयता घेऊन आल्या आणि त्याच्या पाठीने त्यांनी तुमचं कुलूप फोडलं. मी धरायला गेले तर म्हणाल्या, "शप्पत तुमका घातलंय, माका नाय."

ता. क. २ गादी बरी नाही. तिच्यात उंदरांची पिल्लं होती. गादी परसात नेऊन जाळली.

ता. क. ३ तर चावी आता पाठवू नका, उपयोग नाही. खोली झाडून, शेणाने सारवून आईंनी आपली खाट तिथे नेली आहे. दाराला कट्ट्याच्या बाजारातून नवं कुलूप आणवलं. त्याची चावी आईंच्या कमरेला असते. चतुर्थीला येणार असाल तर आधी त्यांना विचारून या.