स्वल्पविरामाच्या पुढचं

शनिवार, १२ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. मोरीतला नळ गळायचा थांबला, माझा खोकलाही. तू जेवतेस ना नीट? फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

तुमच्या वॉर्डातलं ते बाळ गेलं, चौकशीत ठपका तुझ्यावर आला, तेव्हा तू एवढंच बोललीस, "हाताला जास्त गरम लागलं होतं गं, पण स्क्रीनवर अडतीसच होतं." बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. मला सोडता येईना. बाळांचा ताप दाखवणारी ती यंत्रं आमच्याच कंपनीची. तसलंच एक मी टेबलावर घेतलं, सेन्सर कोमट पाण्यात सोडला, शेजारी साधा थर्मामीटर. थर्मामीटरवर अडतीस पूर्णांक नऊ. स्क्रीनवर अडतीस.

सेन्सर तापमान मजकूर म्हणून पाठवतो, आमचा प्रोग्राम त्या मजकुराचा आकडा करतो. तुमच्याकडच्या नव्या सेन्सरांच्या सेटिंगमध्ये दशांशाला टिंब नव्हतं, स्वल्पविराम होता: ३८,९. प्रोग्रामला फक्त टिंब कळायचं. अडतीसपर्यंत वाचून तो थांबायचा आणि पुढचं टाकून द्यायचा. तक्रार नाही, काही नाही. म्हणून साडेअडतीसला वाजणारा भोंगा वाजलाच नाही. मजकूर शेवटपर्यंत वाचला गेला का, एवढं तपासायला हवं होतं. नसेल, तर आकडा न दाखवता 'वाचता आलं नाही' म्हणायचं. दोन ओळींचं काम.

तुझी चूक नव्हती, ताई. मी तसं कंपनीला लेखी दिलंय, रुग्णालयालाही पाठवलंय. यंत्रं काढून घेतली आहेत.

इथवर लिहून उठले. भांडी घासली. परत बसले.

तो प्रोग्राम कोणी लिहिला, हे तू विचारशीलच. तू ज्याला शांतोबा म्हणतेस, त्यानं. माझ्या नवऱ्यानं.

लेखी देण्याआधी, जेवताना त्याला सांगितलं.

"लेखी देणार तू?"

"हो."

"मग माझं नाव येईल."

"येईल."

त्यानं ताटातलं संपवलं. मग विचारलं, "बाळाचं नाव ठेवलं होतं का?"

मला माहीत नव्हतं.

"ताईंना माहीत असेल," म्हणाला, आणि हात धुवायला उठला. कंपनीत त्यानं चूक स्वतःच दुरुस्त केली, ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि घरी आला. मला त्याचा राग येत नाही. रडूही येत नाही. सकाळी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं, तेव्हाही काही वाटलं नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. तोच घेऊन येतोय. तुझं वाचून होईपर्यंत जिन्यात थांबेन म्हणालाय. त्याला आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव. मी काही सांगणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
त्याची बायको