चॅपल पीसमधली तीन नाणी

लँगमेर, सफोक
१३ सप्टेंबर १९९८

चि. एनिड हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस. सापडलं! बावीस वर्षं त्या चॅपल पीसच्या शेतात धातू शोधायचं यंत्र फिरवतोय आणि मिळालं काय, तर काडतुसांची बुडं, बिअरच्या डब्यांच्या कड्या आणि कुणाच्या तरी विजारीची बटणं. आणि काल सकाळी चांदीचं नाणं. सॅक्सन, हजारेक वर्षांपूर्वीचं! राजाचं तोंड बटाट्यासारखं आहे, पण राजाच. फाटकापासून चाळीस पावलांवर, गव्हाच्या धसकटांत, जेमतेम दोन बोटं खाली. गुडघ्यावर बसलो तो लवकर उठलोच नाही. रडलो गं, तुझ्यापासून काय लपवायचं.

फेब्रुवारीत माझी डोरिन गेली आणि माझं कशातच लक्ष लागेना. ऑगस्टमध्ये तू पंधरा दिवस राहायला आलीस तेव्हा यंत्राच्या बॅटऱ्या काढून ठेवलेल्या तू पाहिल्यासच. एवढा एक हंगाम बघ, मग खुशाल विकून टाक, असं तू बजावलंस म्हणून पुन्हा घातल्या. नाहीतर ते यंत्र आज माळ्यावर असतं. चॅपल पीसमध्ये जुनी वस्ती होती असं मी म्हटलं की आमच्या यंत्रवाल्यांच्या क्लबातले लोक एकमेकांना कोपर मारायचे. आता मारा म्हणावं कोपर!

हॉलेटला आधी दाखवलं, शेत त्याचं ना. त्याने डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाला की याच्याहून त्याच्या बीटचा गड्डा बरा, निदान साखर तरी निघते. तुझा पर्सी आज हवा होता. मखमलीवर नाणी मांडून बसायचा आणि मला चिखलातला उंदीर म्हणायचा. त्याच्या नाकासमोर धरलं असतं.

उद्याच्या बसने म्युझियममध्ये मिस पार्जिटरबाईंकडे जातो आहे, जिल्ह्यात सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद त्याच ठेवतात. जागा पावलांनी मोजून नकाशावर खूण केली आहे.

तुझ्या गुडघ्याला तेल चोळत जा. कळावे, आणि मला वेडा म्हणायचं असलं तर लौकर कळवावे.

तुझा,
सिरिलदादा

*

हेरफर्ड
१९ सप्टेंबर १९९८

ती. सिरिलदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. किती वर्षांनी तुझ्या अक्षराला असा उत्साह दिसला! वहिनी असत्या तर त्यांनी तुला चिखलाच्या बुटांसकट घरात येऊ दिलं असतं. मला फार फार बरं वाटलं.

पण दादा, एक सुचवू? ते म्युझियमचं कशाला काढलंस? तुझं नाणं आहे, तुझ्या खिशात असू दे. जेवताना काढावं, बघावं, परत ठेवावं. कागद, कार्डं, नकाशे हा सगळा व्याप या वयात कशाला? हॉलेटची हरकत नसली म्हणजे झालं. ह्यांनी आयुष्यभर नाणी जमवली ती कुणाला विचारून?

तुझ्यासाठी मोजे विणते आहे, राखी रंगाचे. उत्तर सावकाश लिही, पण म्युझियमला जाऊ नकोस.

तुझी धाकटी,
एनिड

*

लँगमेर
१२ ऑक्टोबर १९९८

चि. एनिड हिस,
अनेक आशीर्वाद.

वा गं शहाणे! खिशात ठेव म्हणे! अगं, वस्तू कुठे मिळाली ते सांगायचं नाही तर मग माझ्यात आणि भुरट्या चोरात फरक काय? खड्डा बुजवायचा, फाटक लावायचं, मालकाला दाखवायचं आणि म्युझियमला जागा सांगायची, या चार गोष्टींवर आमचा धर्म उभा आहे. जागा गेली की नाणं म्हणजे नुसती धातूची चकती. हे मी पर्सीला इतकी वर्षं सांगत होतो, त्याने ऐकलं नाही. आता तू त्याचीच री ओढायला लागलीस!

बरं, ऐक. आणखी दोन मिळाली. पहिल्यापासून सहा आणि नऊ पावलांवर. क्लबात या महिन्याची सर्वोत्तम वस्तू म्हणून सगळ्यांनी हात वर केले, ज्याने मला बटणवाला हे नाव पाडलं त्या स्टॅननेसुद्धा. पार्जिटरबाई स्वतः शेतावर आल्या. बुटात चिखल गेला तरी हूं की चूं नाही. त्यांनी माझ्या सगळ्या वह्या नेल्यात, एकतीसच्या एकतीस. बावीस वर्षांत त्या शेतात जे जे मिळालं ते कुठे, किती खोल, सगळं त्यात आहे. बाई म्हणाल्या की असं टिपण त्यांनी कुणा हौशी माणसाचं पाहिलेलं नाही. ते सगळं जिल्ह्याच्या नोंदीत माझ्या नावाने चढणार. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, एनिड. माझं नाव कुठल्या पुस्तकात येईल असं मला वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरात तिथे चर खणणार आहेत. हॉलेटने कुरकुर केली, पण तेवढा पट्टा पेरायचा थांबला माझ्या शब्दावर. सुगीच्या जेवणाला मला बोलायला उभं करणार आहेत. डोरिनने मला लग्नात दिलेला टाय शोधून ठेवला आहे.

मोजे पोचले. एक दुसऱ्यापेक्षा लांब आहे, पण माझे पायही तसेच आहेत. तुझ्यावर रागावलो तरी माया आहे तेवढीच आहे, हे धरून चाल.

सिरिलदादा

*

हेरफर्ड
२० ऑक्टोबर १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं भाषण चांगलं होईल यात शंका नाही. पण तो चर खणायचं नाही का थांबवता येणार? नोव्हेंबरातली हवा, तू दिवसभर काठावर उभा राहणार, आणि तुझी छाती ही अशी. बाईंना सांग की मालकाची इच्छा नाही. किंवा प्रकृतीचं कारण दे. तीन नाण्यांवरून एवढं सगळं कुणी करतं का?

मला तुला काहीतरी लिहायचं होतं. दोन कागद फाडले. पुढच्या वेळी लिहीन. टाय इस्त्री करून घे.

रागावू नकोस, मला दुसरं कोण आहे.

एनिड

*

लँगमेर
२२ नोव्हेंबर १९९८

श्रीमती एनिड टास्कर यांस,

चार दिवस चर खणला. खाली पिवळी चिकणमाती आणि गारगोट्या. एक खापर नाही, एक हाड नाही. वस्ती काय, कोंबडीचं खुराडंही तिथे कधी नव्हतं. मी काठावर उभा राहून सगळ्यांना चहा देत होतो आणि अजून हातभर खाली जा म्हणत होतो.

पाचव्या दिवशी पार्जिटरबाईंनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि एक पातळ पुस्तिका पुढे ठेवली. तुमच्या हेरफर्डच्या नाणेसंग्राहक मंडळाची, १९६४ सालची. त्यात फोटो होता. तेच बटाट्याचं तोंड, कडेला तोच टवका, कानापाशी तीच चीर. खाली छापलं होतं, पी. टास्कर यांच्या संग्रहातून. दुसऱ्या पानावर दुसरं. तिसऱ्यावर तिसरं.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की टास्कर हे माझे कोण. मी सांगितलं, मेव्हणा. तो वारला आहे का, हो. मग नाणी माझ्याकडे कशी आली. एनिड, मी म्हणालो, मला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. ती पुस्तिका उघडताक्षणी तुझे पंधरा दिवस डोळ्यांपुढे आले. पण बहिणीचं नाव तोंडातून निघेना. म्हणून मीच ती पुरली असं आता सगळे धरून चालले आहेत. क्लबाचं पत्र आलं, माझं नाव कमी केलंय. ज्याची पेरणी चुकली त्या हॉलेटने मला पाहून ट्रॅक्टर वळवून नेला. सुगीच्या जेवणाला ज्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या ते आता पोस्टात माझ्याशी हवामानावर बोलतात.

आणि मीही काही कमी गाढव नाही. आमच्या मातीत चांदी काळवंडून निघते, अक्षरांत माती घट्ट बसते. ही तिन्ही चकचकीत होती. मला दिसलं, आणि मी डोळे मिटून घेतले. तुला शेंडी लावायचीच होती तर दुसरं काही सुचलं नाही? माझी थट्टा कर, माझ्या टायवर हस. पण हे? सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला माझा.

सिरिल गॅरड

*

हेरफर्ड
२७ नोव्हेंबर १९९८

ती. दादा,
शि. सा. नमस्कार.

थट्टा नव्हती रे. देवाशप्पथ थट्टा नव्हती.

तू गुरुवारी डॉक्टरांकडे गेलास त्या सकाळी मी केलं. त्याआधी अकरा दिवस तू वहिनींच्या खुर्चीकडे तोंड करून बसत होतास. मी सूप पुढे ठेवलं की थंड झाल्यावर प्यायचास. एकदा म्हणालास की आता संपलं तरी चालेल, आणि मग जॅम कुठे आहे ते विचारलंस. मी घाबरले, दादा. ह्यांच्या कपाटातली तीन नाणी मी इथून निघतानाच रुमालात बांधून आणली होती. तू फाटकातून शिरलास की डावीकडे वळतोस हे मला माहीत होतं. अंगठ्याने मातीत दाबली आणि वर पाय दिला. मला वाटलं, सापडतील, हसशील, क्लबात मिरवशील, झालं. ह्यांच्या कपाटात ती कुणी बघतही नव्हतं. तुमची ती नोंद, ते कार्ड, ते नकाशे इतकं मोठं असतं हे मला खरंच कळलं नाही. आणि कळलं तेव्हा तू टाय काढून ठेवला होतास. कुठल्या तोंडाने सांगू?

पार्जिटरबाईंना मी सगळं लिहिलं आहे, सही करून. ह्यांच्या वहीतलं पानही जोडलं. क्लबाला वेगळं पत्र टाकलं. तुझ्यावर कसलाही ठपका राहणार नाही. हॉलेटचीही मी हात जोडून माफी मागेन. मी येऊ का? तू म्हणशील त्या गाडीने येते.

मी चुकले. पण तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात आलं असेल तर माझे हात झडोत. एक ओळ लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझीच,
एनिड

*

लँगमेर
१७ जानेवारी १९९९

एनिड,

तुझं पत्र पोचूनही उत्तर दिलं नाही, नाताळचं कार्डही टाकलं नाही. लिहायला बसायचो आणि उठायचो.

बाईंचा तुझ्यावर विश्वास बसला. त्या घरी आल्या, माफी मागितली, डोरिनच्या फोटोकडे बघून चांगलं बोलल्या. क्लबाने परत बोलावलंय. स्टॅन दारात उभा राहून बराच वेळ टोपी चुरगाळत होता. म्हणजे चोर म्हणून माझं नाव पुसलं गेलं, ते तू केलंस, ते मी मानतो.

पण वह्या परत आल्या. एकतीसच्या एकतीस, खोक्यात घालून. बाईंनी मला बसवून समजावलं आणि त्यांना ते जड गेलं हे मला दिसत होतं. त्यांनी विचारलं की बहीण किती वर्षं येते. मी सांगितलं, दर उन्हाळ्यात, सुरुवातीपासून. तेव्हा त्या म्हणाल्या की तीन वस्तू बाहेरून आणलेल्या ठरल्या, तर बाकीच्या तीनशे तशा नाहीत हे त्या कशावरून लिहिणार? चॅपल पीसपुढे आता एवढंच लिहिलंय की या जागेच्या नोंदींवर विसंबू नये. त्यांची चूक नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. बावीस वर्षं, एनिड. प्रत्येक बटण मी पावलं मोजून लिहिलं होतं.

तरीही मी बाईंना ठणकावून सांगितलं की आधीचं सगळं खरं आहे, माझी बहीण तसं पुन्हापुन्हा करणार नाही. अगदी छाती ठोकून सांगितलं.

मग परवा हॉलेटने निरोप धाडला की त्या पट्ट्यात तो आता उन्हाळी बार्ली घेणार, नांगरट झाली आहे, हवं तर एकदा फिरून जा. मनाने मोठा माणूस. गेलो. गोठून फुटलेली ढेकळं, पाय मुरगळायची भीती. वरच्या कोपऱ्यात, जिथे मी फारसा जात नाही, तिथे यंत्राचा आवाज आला. वीतभर खणलं, अजून खाली. निघालं पितळेचं टोक, कमरेच्या पट्ट्याचं, बोटाएवढं. त्यावर जनावराचं तोंड कोरलेलं, कान मागे पाडलेले, डोळ्यांत हिरवा गंज आणि चिकणमाती अशी बसलेली की काडीने निघेना. सगळं जसं असावं तसं. खोली बरोबर, माती बरोबर, काळ बरोबर. मी म्हणत होतो ते लोक तिथे होते. चर चुकीच्या कोपऱ्यात खणला गेला, तुझ्या नाण्यांच्या मागे.

आणि हे हातात धरून मला काय वाटलं सांगू? आनंद नाही झाला. मी मान वळवून फाटकाकडे बघितलं, तू उभी आहेस का म्हणून. मग हिशोब मांडत बसलो की तू वरच्या कोपऱ्यापर्यंत कधी चालत गेली असशील, पर्सीकडे पितळेच्या वस्तू होत्या का, तुझ्या गुडघ्याने वीतभर खणणं जमेल का. ज्या बहिणीसाठी बाईंपुढे छाती ठोकली तिच्याविषयी.

तू नाही म्हणशील. खरंच सांगशील, हेही मला कळतं. पण तुझं उत्तर आलं तरी मी ते दोनदा वाचेन, आणि पूर्वी मी तुझी पत्रं एकदाच वाचायचो. माझं नाव गेलं होतं ते आलं. वह्यांचं दुःख म्हातारा माणूस गिळून टाकेल. हे मात्र मला गिळता येत नाही.

ते टोक मी होतं तिथे ठेवलं, वीतभर खाली, आणि माती दाबून टाकली. हॉलेटला दाखवलं नाही, बाईंना सांगितलं नाही, वहीत लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तूर्त येऊ नकोस. गाडीचं तिकीट काढलं असशील तर परत कर.

सिरिल