लदिनीचे चणे

मे, रविवार संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही. शेजारच्या सुमतीकाकीला जाऊन महिना झाला. वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, दर मे महिन्यात आम्ही लदीन, मरियामाउलीची प्रार्थना, गातो, आणि प्रार्थना संपल्यावर वाटायचे चणे काकी शिजवायची. हिंदू बाई, पण तो मान तिचाच. आज पहिल्यांदा मी शिजवले.

गेलेल्यांची नावं घेताना मी तिचंही घेतलं. परतताना धाकटा भाऊ आंतोन म्हणाला, "बाय, तिचा नाव कित्याक? तिना जेजूक मानूक नाय. तिका तारण नाय."

मानायला तिला येशूचं शुभवर्तमान सांगितलं कोणी? मी? आंतोनने? आम्ही चणे खाऊन घरी जायचो. गप्प आम्ही बसलो, आणि शिक्षा तिला? रविवारी मुलांना धर्मशिक्षण मीच देते. असला देव मी शिकवणार नाही. पुढच्या लदिनीतही तिचं नाव घेणार, आणखी मोठ्याने.

हे मनात घोळत असतानाच आंतोन म्हणतो, "चणे काकीसारखे झाले नाय हां आज."

उंबऱ्यातच अडवला त्याला. म्हटलं, "तुका तिचे चणे आठवतत, आणि देवाक ती आठवाची नाय?"